न उघडलेला ट्रे

हॉस्पिटलच्या तळघरात वाफेची मोठी भट्टी आहे आणि त्या भट्टीवर एका माणसाचं राज्य आहे. वरच्या मजल्यांवर लागणारी प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा, सुई धरायची प्रत्येक पकड आधी त्याच्या हातून जाते. तो ती धुतो, मोजतो, ट्रेमध्ये मांडतो, ट्रे हिरव्या कापडात दोनदा गुंडाळतो, वर टेप लावतो आणि भट्टीत सरकवतो. टेपवर फिक्या रेघा असतात. वाफेची धग पुरेशी बसली की त्या काळ्या पडतात. या माणसाला सगळे भट्टीकाका म्हणतात. मोठे डॉक्टरसुद्धा.

भट्टीकाकांच्या खोलीत जमिनीवर एक लाल पट्टा ओढलेला आहे. पट्ट्याच्या आत यायचं तर बाहेरच्या चपला काढून निळ्या चपला घालायच्या आणि जाताना त्या तिथेच सोडायच्या. एकदा खुद्द अधीक्षकांना त्यांनी पट्ट्यावरून परत पाठवलं होतं. दुसरा नियम टेपचा. टेपचं टोक जरी उचकटलेलं असलं, तरी तो ट्रे उघडलेला धरायचा. "आत काय आहे ते मला सांगू नका," ते म्हणत. "टेप काय म्हणते ते मी बघतो."

अशा माणसाचं हळूबाईंशी पटणार कसं?

हळूबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या प्रसूती वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर. जिना त्या दोन-दोन पायऱ्या गाळून चढत, जेवण पाच मिनिटांत उरकत आणि एकदा बोलायला लागल्या की समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसत. तरी नाव हळूबाई. कारण बाळाचं डोकं दिसायला लागलं की या बाईच्या तोंडून एकच शब्द निघे: हळू. हळू गं. अजून हळू.

लोकांना वाटतं बाळंतपण म्हणजे सगळा जोराचा मामला. आई जोर लावते, बाकीचे ओरडतात, बाळ येतं. हळूबाईंना या समजुतीचा मनस्वी राग होता. योनीमार्ग आणि शौचाची जागा यांच्या मधे जेमतेम दोन-तीन बोटांचा मऊ भाग असतो. त्याला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. 'खाली' म्हटलं की त्यातच सगळं आलं. बाळाचं डोकं एकदम उसळून बाहेर आलं तर हा भाग फाटतो, कधी थोडासा, तर कधी पार शौच रोखून धरणाऱ्या स्नायूपर्यंत. डोकं सावकाश येऊ दिलं, गरम शेक दिला, हाताने नीट आधार दिला, तर पुष्कळदा तो धड राहतो किंवा थोडक्यात निभावतो. हे हळूबाई कुणालाही ऐकवत, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. लिफ्टमधले पुरुष मजल्यांचे आकडे बघत उभे राहत.

आता प्रत्येक बाळंतिणीच्या बाजूला टाक्यांचा ट्रे तयार ठेवावाच लागतो. वाट मोठी करायला कट द्यायची कात्री, पकड, चिमटे, सुया, धागा, सगळं त्यात. हळूबाई तो नेमाने मागवत आणि त्यांच्या वॉर्डातून तो बऱ्याचदा आला तसाच परत जाई. कापडात गुंडाळलेला ट्रे आठवडाभरच चालतो. मग न वापरता पुन्हा सोडा, पुन्हा मोजा, पुन्हा भट्टीत घाला.

"वापरायचे नाहीत तर मागवता कशाला हो, हळूबाई?" भट्टीकाका फोनवर कडाडत. "या आठवड्यात पाच परत आले. मला दुसरी कामं नाहीत?"

"काका, तुमचा ट्रे परत आला की खाली तुम्ही चिडायचं आणि वर मी पेढे वाटायचे, अशी वाटणी आहे आपली," असं म्हणून त्या फोन ठेवून देत. न उघडलेला ट्रे खाली पाठवताना त्यांची मान ताठ असे. वॉर्डातल्या मावशी तर म्हणायच्या की बाई ट्रे परत पाठवतात तेव्हा दोन इंच उंच दिसतात.

हा कज्जा कित्येक वर्षं चालला. मग एक दिवस फोन यायचे थांबले.

भट्टीकाकांना एकच मुलगी. शाळेची बस चालवायची. पस्तीस पोरं मागे दंगा करत असताना ती अरुंद गल्लीतून बस अशी वळवायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि काका ही गोष्ट भट्टीला टेकून कुणालाही सांगत. तिचं पहिलं बाळंतपण सासरच्या गावी, तिथल्या दवाखान्यात झालं. फोन आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप, सगळं साधं झालं. काकांनी तळघरात सगळ्यांना चहा पाजला.

दोन महिन्यांनी लेक माहेरी आली आणि ओट्याशी उभी राहून जेवली. दुसऱ्या दिवशीही उभीच. "सवय झालीय," म्हणाली. घरात पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाई. मोठ्याने हसायची बंद झाली, कारण हसताना काय सुटेल याचा तिला भरवसा नव्हता. बायकोने हे काकांना अर्ध्यामुर्ध्या शब्दांत सांगितलं. पार मागपर्यंत फाटलं होतं. बस वर्षभर दुसऱ्याच कुणीतरी चालवली.

त्या आठवड्यात भट्टीकाका पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर आले. हातात टेपचं रीळ तसंच होतं, ठेवायचंही सुचलं नव्हतं. वॉर्डाच्या दाराशी उभे राहिले.

"सिस्टर," ते म्हणाले. हळूबाई म्हणायचं विसरले. "माझ्या पोरीला बसता येत नाही हो."

हळूबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आयुष्यात प्रथमच समोरच्याचं सगळं बोलणं पुरं होऊ दिलं. मग मुलीला बोलावून घेतलं, योग्य डॉक्टरांकडे पाठवलं, स्नायूंचे व्यायाम लावून दिले. वर्षभराने ती पुन्हा बसच्या सीटवर बसली. त्यानंतर परत आलेल्या ट्रेबद्दल काकांनी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती सरळ हळूबाईंसमोर येऊन उभी राहिली. मोठ्या डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. स्नायू चांगला भरून आलाय, साधं बाळंतपण करता येईल, पण पुन्हा फाटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. पोट उघडून बाळ काढायचं असेल तर तेही करता येईल, निर्णय तुमचा. तिने ठरवलं होतं.

"मला साधंच करायचंय. पण पुन्हा तसं झालं तर मी बस सोडून देईन, सिस्टर. पुन्हा ते वर्ष नाही काढवणार मला."

"शब्द देत नाही," हळूबाई म्हणाल्या. "शब्द देणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नकोस. पण शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत मी सांगेन ते सगळं करायचं. लाजायचं नाही."

लाजण्यासारखं बरंच होतं. स्वच्छ हाताने, थोडं तेल लावून, आठवड्यातून काही वेळा तो भाग हळूहळू ताणायला शिकायचं. नवऱ्याचं काम घड्याळ बघायचं. "आणि तोंड भिंतीकडे करून बघायचं नाही, नीट बघायचं," हळूबाईंनी जावयाला बजावलं. तो कानापर्यंत लाल झाला. मग श्वास. डोकं बाहेर येताना जोर न लावता नुसत्या फुंकरा मारायच्या. कामावर होती तोवर ती सिग्नलला थांबली की फू-फू करायची. पोरांना वाटलं, ताई रहदारीवर चिडलीय. पोरंही सुरात सूर मिसळून फुंकायला लागली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. नवव्या तासाला, हळूबाईंची ड्यूटी संपायला दहा मिनिटं असताना, वेळ जवळ आली. हळूबाईंनी घड्याळाकडे पाठ फिरवली आणि हातमोजे चढवले.

खोलीत नव्या डॉक्टरबाई होत्या. हुशार, हाताने चपळ, आणि कागदपत्रं वाचून आलेल्या. त्यांनी हळूबाईंना बाजूला घेतलं.

"सिस्टर, मागच्या वेळी केवढं फाटलंय बघितलंत ना? मी सरळ कट देणार आहे. धोका कशाला?"

"मॅडम, गरज पडली तर तुम्ही मागायच्या आधी मी म्हणेन, द्या. पण मागच्या वेळचा हिशेब आज तिच्या अंगावर नको. आज काय दिसतंय ते बघू या?"

डॉक्टरबाईंनी एकदा खाटेकडे बघितलं. "ट्रे इथे हवा. हाताशी."

"हाताशीच आहे."

होताच. हिरव्या कापडात, वर काळ्या रेघांची टेप, टेपवर काकांच्या अक्षरात आजची तारीख. खाली काकांनी तो स्वतः बांधला होता आणि कुणासाठी जातोय हे त्यांना माहीत होतं.

दुसरी काळजी मावशींची. मावशी म्हणजे पंचवीस वर्षं या खोलीत राबलेली बाई, मनाने लोणी. पण 'जोर लाव, जोर लाव, आलं, आलं!' ही त्यांची आरोळी खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची. हळूबाईंनी त्यांची आरोळी मोडायला दोन वर्षं घालवली होती आणि शेवटी हात टेकून त्यांना वेगळं काम दिलं होतं. गरम पाण्याची जबाबदारी त्यांची: पाणी मनगटावर बघायचं, जाड घडी बुडवून पिळायची, हळूबाईंच्या हातात द्यायची, गार झाली की दुसरी. आणि तोंड मोकळं राहू नये म्हणून पेशंटबरोबर फुंकरा मारायच्या.

मुलगी डाव्या कुशीवर होती. जावई उशाशी, एक हात तिच्या मुठीत. त्या हाताचं पुढे काय होणार याची त्याला अजून कल्पना नव्हती. हळूबाई गरम घडी त्या दोन-तीन बोटांच्या जागेवर धरून बसल्या होत्या.

"बरं वाटतंय," मुलगी म्हणाली. "मागच्या वेळी तर सगळे नुसते ओरडत होते."

"इथे ओरडायची परवानगी फक्त तुला आहे."

डोकं दिसायला लागलं. एका कळेला रुपयाएवढं, पुढच्या कळेला तळहाताच्या खळग्याएवढं. आणि तेवढ्यात मशीनवर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले. मिनिटाला एकशे चाळीस होते ते एकशे दहा. शंभर. नव्वद.

खोलीतली हवाच बदलली. डॉक्टरबाईंनी हळूबाईंकडे बघितलं आणि त्यांना वाटलं, आता ही बाई हट्टाला पेटणार.

"मावशी, टेप काढा," हळूबाई म्हणाल्या.

क्षणभर मावशींना कळेचना. मग त्यांनी ओले हात पुसले, ट्रे जवळ ओढला आणि टेपच्या टोकाला नख घातलं. हळूबाईंचा आवाज नेहमीचाच होता. ट्रे बंद राहावा म्हणून बाळाचा श्वास पणाला लावणारी बाई त्यांनी स्वतःच्या वॉर्डात एक दिवस ठेवली नसती. "पोरी, आता या कळेला जोर नाही. अजिबात नाही. उजव्या कुशीवर वळ. जावईबापू, धरा तिला. श्वास घे. बाळाला दम खाऊ दे."

ती वळली. कळ आली आणि ती फुंकत राहिली, डोळे घट्ट मिटून. नव्वद. पंच्याण्णव.

एकशे पंधरा. एकशे तीस.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मावशी, थांबा. वर येतायत ठोके."

मावशींचा हात जागच्या जागी थांबला. टेपचं टोक नखभर सुटून वर वळलं होतं. एकशे चाळीस. डॉक्टरबाई मशीनकडे बघत होत्या आणि त्यांनी कात्री मागितली नाही. अख्ख्या नोकरीत हळूबाईंना कुठल्या डॉक्टरचा इतका अभिमान वाटला नव्हता, आणि नंतर त्यांनी तो तोंडावर बोलून दाखवला.

"आता ऐक," हळूबाई मुलीला म्हणाल्या. "पुढे स्पीडब्रेकर आहे. मागे पस्तीस पोरं बसलीत. कशी नेशील?"

"पहिल्या गिअरमध्ये," ती धापा टाकत म्हणाली.

"ब्रेकवर पाय?"

"अर्धा."

"ने मग."

डावा हात बाळाच्या डोक्यावर, त्याला उसळी मारू न देता. उजवा हात घडीसकट खाली, दोन्ही बाजूंची कातडी मधे गोळा करून आधार देत. यापलीकडे हळूबाई काही करत नव्हत्या, पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि दोन्ही हातांना सगळं कळत होतं: कुठे कातडी ताणली, कुठे पांढरी पडतेय, कुठे अजून जागा आहे. "फुंक. हळू. आता नुसती फुंक. थांब. हळू गं." मावशींचं तोंड सवयीने उघडलं. पंचवीस वर्षांची आरोळी ओठांवर आली. हळूबाईंनी नुसतं बघितलं, तेव्हा मावशींनी गाल फुगवून इतक्या जोरात फुंकर मारली की त्यांना घेरी आली आणि त्या स्टुलावर बसल्या.

कपाळ आलं. मग नाक. हनुवटी. डोकं बाहेर यायला एवढा वेळ लागला की जावयाला वाटलं, काहीतरी अडलंय. अडलं काहीच नव्हतं. खांदेही तसेच हळू आले आणि मग बाळ आलंच, ओलं, जांभळट, आणि लगेच रडणारं.

"मुलगी," मावशी स्टुलावरूनच ओरडल्या. आता त्यांना कुणी अडवणार नव्हतं.

बाळ आईच्या छातीवर गेलं. वार पडली. डॉक्टरबाईंनी दिवा खाली ओढला आणि कितीतरी वेळ तपासलं, आतून, बाहेरून, मागच्या स्नायूला बोट लावून. जावई दुखरा हात चोळत उभा होता. मुलगी छताकडे बघत होती. ती बाळाला थोपटत होती, पण तिचं सगळं लक्ष पायथ्याकडे होतं.

"किती टाके?" शेवटी तिनेच विचारलं.

"एक ओरखडा आहे. दोन-तीन दिवस चुरचुरेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टाका एकही नाही."

"आणि मागे?"

"मागे काही झालेलं नाही. सिस्टर, तुम्हीही बघा एकदा. दोघींनी बघितलेलं बरं."

हळूबाईंनी बघितलं. सगळं धड होतं. त्यांना आपल्या हातांचा अभिमान वाटला आणि तो त्यांनी मुळीच लपवला नाही. "बघा बरं, काय सुंदर काम झालंय," त्या खोलीभर म्हणाल्या, "या पोरीने काय बस चालवलीय आज!" मुलगी आधी हसली, मोठ्याने, मग रडली, मग दोन्ही एकदम.

तळघरात फोन मावशींनी केला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. भट्टीकाका "बरं" म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. हेच शब्द त्यांनी याआधीही फोनवर ऐकले होते.

तासाभराने हळूबाई स्वतः ट्रे घेऊन खाली गेल्या. लाल पट्ट्याच्या बाहेर थांबल्या. भट्टीची वाफ सुटत होती आणि काका हात धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन उभे होते. त्यांनी ट्रे घेतला. सवयीने आधी टेपकडे बघितलं.

टोक उचकटलेलं होतं.

हळूबाईंच्या डोक्यात तोपर्यंत हे आलंच नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला बघून त्यांच्या लक्षात आलं, या माणसाने अख्ख्या हॉस्पिटलला काय शिकवलंय.

"उघडलेला," काका म्हणाले. "उघडलाय हा, सिस्टर."

"काका, सोडा तो."

"टेप सुटलीय."

"मी सोडायला सांगितली. बाळाचे ठोके उतरले होते, मग परत आले. तुम्ही तो सोडून मोजा. माझ्या तोंडाकडे बघू नका, मोजा."

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला. हिरवं कापड एकदा उलगडलं, दुसऱ्यांदा उलगडलं. कात्री. पकड. दोन चिमटे. सुईचं पाकीट बंद. धाग्याचं पाकीट बंद. कापसाचे बोळे पांढरे स्वच्छ, त्यांनी मांडले होते त्याच क्रमाने, एकही हललेला नाही. त्यांनी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला गेले आणि मधेच थांबले.

"एकही नाही?"

"एकही नाही. आणि मागच्यासारखं तर काहीच नाही. डॉक्टरबाईंनी तपासलं, मी तपासलं."

काकांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनी बाहीने डोळे पुसले, कापड पुन्हा घडी करायला घेतलं आणि जुन्या खाष्ट आवाजात बोलायचा प्रयत्न केला.

"वापरायचे नाहीत तर मागवता कशाला हो, हळूबाई?"

वाक्य कसंबसं पुरं झालं.

"ते नंतर भांडा. वर जा आधी. लेक कॉटवर पाय सोडून चहा पितेय, तुमची वाट बघत."

"पाय सोडून म्हणजे?"

"म्हणजे बसून, काका. बसलीय ती."

भट्टीकाकांनी कापड टेबलावर टाकलं आणि निघाले. लाल पट्टा ओलांडला, दार ओलांडलं आणि जिना चढायला लागले. हळूबाई मागून बघत राहिल्या. काकांच्या पायात आतल्या निळ्या चपलाच होत्या.